घंटागाडीत टाकू नये अशा वस्तू आणि आमच्या घरातला तिसरा डबा

माझ्या सासूबाईंना रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. वापरलेल्या सुया मी बरीच वर्षं कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकत होते. एका सकाळी घंटागाडीवरची ताई आमची पिशवी उघडून कचरा निवडत होती आणि सुई तिच्या अंगठ्यात घुसली. मी तिला हात धुवायला लावलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या झाल्या, मग काही महिन्यांनी पुन्हा झाल्या. सासूबाईंचंही रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, पण निकाल हातात येईपर्यंत त्या बाईच्या जिवाला लागलेला घोर मी रोज सकाळी दारात बघत होते. चूक माझी होती. तेव्हापासून आमच्या घरात ओल्या आणि सुक्याच्या जोडीला घातक वस्तूंचा तिसरा डबा आहे.

सुयांचं आधी सांगते. फरशी पुसायच्या औषधाची जाड प्लास्टिकची बाटली रिकामी झाली की धुऊन वाळवून ठेवायची. सुई वापरली की टोपण परत बसवत न बसता थेट त्या बाटलीत टाकायची. टोपण लावतानाच बोटाला जास्त वेळा लागते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळायची आणि वर मार्करनं ‘वापरलेल्या सुया’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचं. ग्लुकोमीटरच्या बारीक सुयाही त्यातच. दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा न्यायला वेगळी गाडी येते. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर भरलेली बाटली त्यांनी ठेवून घेतली. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. गटारातून नाला आणि नाल्यातून पंचगंगा, असा आपल्या कोल्हापुरातल्या सांडपाण्याचा उतार आहे. तेच पाणी पुढं इचलकरंजीकडं जातं, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. मॉर्फिनसारख्या मोजक्या तीव्र वेदनाशामकांसाठी नियम वेगळा असतो, तो औषध देणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या. बाकीच्या गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापायची, म्हणजे ती उचलून कुणाला परत विकता येत नाहीत. मग झाकणाच्या बरणीत भरून तिसऱ्या डब्यात.

पारा मात्र घाई करू देत नाही. जुना काचेचा थर्मामीटर फुटला तर आधी पोरांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडकी उघडा. केरसुणी लावायची नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही. त्यानं पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होतात आणि वाफ घरभर पसरते. हातातली अंगठी, बांगड्या उतरवून ठेवा, पारा सोन्याला चिकटतो. पोस्टकार्डासारख्या जाड कागदानं थेंब एकत्र ढकलायचे, औषधाच्या ड्रॉपरनं ओढून घ्यायचे, राहिलेले बारीक थेंब चिकटपट्टीनं टिपायचे. पारा, ड्रॉपर, कागद, पट्टी सगळं एकाच काचेच्या बरणीत घालून झाकण लावायचं. सीएफएल बल्बमध्ये पारा अगदी थोडा, साधारण चार मिलिग्रॅम, तरी फुटला तर दहा-पंधरा मिनिटं खोली मोकळी सोडावी. न फुटलेली ट्यूबलाइट नव्या ट्यूबच्या खोक्यातच उभी ठेवायची. एलईडीत पारा नसतो, पण तोही इलेक्ट्रॉनिक कचराच.

सेलचं थोडक्यात. मोबाईलच्या किंवा खेळण्यातल्या लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा. फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा; गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा अशीच बॅटरी पेट घेते. बटण सेल लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानदारालाच परत द्या, तो तिचे पैसे वजा करून देतो. भंगारात गेली तर कुणीतरी आतलं ॲसिड उघड्यावर ओतून नुसतं शिसं काढून घेतो.

आता आमच्यासारख्या उसाच्या शेतीवाल्यांसाठी. मामंजी तणनाशकाच्या उरलेल्या बाटल्या शहरातल्या घरीच, जिन्याखाली ठेवायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये जामदार क्लबजवळ पुराचं पाणी आलं, तेव्हा आम्ही धान्य, कागदपत्रं, टीव्ही वर नेलं. जिन्याखालचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाणी उतरल्यावर परत आलो तर एका बाटलीचं झाकण निघालेलं, भिंतीवर तेलकट पट्टा आणि वास असा, की गाळ काढायला आलेल्या तालमीच्या पोरांचे डोळे चुरचुरायला लागले. मदतीला आलेली पोरं ती! म्हणून सांगते, नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी तिसरा डबा मे महिन्यातच रिकामा करावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशाऱ्यापर्यंत, जाण्याची वाट बघू नये. 43 फुटांना धोका पातळी येते तेव्हा माणसं हलवायची असतात.

तणनाशक लागेल तेवढंच घ्यावं आणि शेतावरच कुलपात ठेवावं. बाटली संपली की तीन वेळा खळबळून धुवायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून शेतात वापरायचं. मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात कुणी तेल, रॉकेल किंवा पाणी भरणार नाही. जाळायची नाही, विहिरीजवळ तर मुळीच धुवायची नाही. रंगाचं मात्र सोपं आहे. चांगला उरला असेल तर गल्लीतल्या तालमीला द्या, मंडपाच्या कामाला लागतो. तळाशी थोडाच असेल तर डबा उघडा ठेवून भुसा घाला, सुकू द्या. थिनर आणि ॲसिड गटारात ओतू नका, आणि एकमेकांत तर कधीच नाही. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो.

डबा भरला की न्यायचा कुठं? आधी गल्लीच्या मुकादमाला विचारा, त्याच्याकडून काम झालं नाही तर प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाला. घरगुती घातक कचरा वेगळा गोळा करणं महापालिकेचं काम आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दर 20 चौरस किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक जमा केंद्र ठरवून दिलं होतं. कोल्हापूर महापालिकेचं क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर, म्हणजे त्या हिशेबानं किमान चार केंद्रं होतात. ‘आमच्या जवळचं केंद्र कुठलं?’ असं लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारलं की ‘बघू’ म्हणतात, पोच घेतली की उत्तर येतं, असा माझा अनुभव आहे. जुना टीव्ही, फ्रिज, संगणक असल्या मालासाठी उद्योग भवनातल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरची यादी मागा. तारा जाळून तांबं काढणाऱ्याकडं माल देऊ नका, त्या धुरात आधी त्याचीच पोरं खेळत असतात.

गोळा करायला कुणी येतील त्यांच्या हातात डबा देताना आत काय आहे ते तोंडानं सांगायचं: ‘ताई, यात काच आहे, यात सुया आहेत.’ आमच्याकडं आता हे सासूबाई स्वतः दारात उभ्या राहून सांगतात, आणि ताईनं हातमोजे घातलेत का ते बघूनच बाटली पुढं करतात.