भिंत बुजवण्याआधी: दुरुस्तीच्या घरातले पाइप आणि वायरिंग

तोडफोड आटोपली की आधी प्रत्येक भिंतीवर पातळीची एक रेघ मारा, तयार फरशीपासून बरोबर १ मीटर उंचीवर. पाण्याची नळी वापरा किंवा लेझर. तयार फरशी म्हणजे आज पायाखाली दिसणारा उघडा स्लॅब नव्हे. त्यावर ५० मिमी मसाला आणि १० मिमी टाइल येणार असेल, तर ही रेघ स्लॅबपासून १०६० मिमीवर येते. प्लंबरने स्लॅबपासून मोजायचं आणि इलेक्ट्रिशियनने जुन्या फरशीपासून, असं झालं की टाइल बसल्यावर नळ आणि बोर्ड दोन्ही वेडेवाकडे दिसतात. दोघांनीही याच रेघेवरून वर-खाली मोजायचं.

झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कोरलेली खाच, मारताना भिंतीची जाडी बघा. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशापर्यंतच. ११५ मिमीच्या विटेच्या भिंतीत आडवी झिरी फार तर १९ मिमी खोल जाते. त्यात २० मिमीचा पाइपही पुरता बुडत नाही. आडवं अंतर छतावरून किंवा फरशीखालून न्या. कॉलम आणि बीमला कटर लावायचाच नाही. बाकी भिंतीत कटरने दोन समांतर रेघा कापा आणि मधला भाग छिन्नीने काढा. नुसत्या हातोड्याने झिरी काढली तर पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर सुटतं.

मान आधी सांडपाण्याच्या पाइपचा. वायरचा पाइप कुठूनही वळवता येतो, पण सांडपाणी चढ चढत नाही. उतार मीटरला २० मिमी धरा. कमोड २ मीटर सरकवायचा असेल तर उताराचे ४० मिमी आणि पाइपचे ११०, म्हणजे किमान १५० मिमी खोली लागते. बाथरूमचा स्लॅब तेवढा खाली नसेल तर फरशी उचलावी लागते आणि दाराशी पायरी येते. नकाशावर कमोड हलवणं सोपं असतं, म्हणून हा हिशेब आधी करा. नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात) ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास येणारच.

गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप, वापरा. साधा यूपीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. पाइप काटकोनात कापा, कडेची बुरी (कापताना उठलेले कंगोरे) काढा, कोरडा पुसा. सॉल्व्हंट सिमेंटचा पाइपवर भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ थर द्या, पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं. लगेच हात सोडला तर पाइप मागे सरकतो आणि हाच जोड पुढे गळतो. आत सिमेंटचं डबकं साचू देऊ नका, त्याने पाइपची भिंत नरम होते. सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला की ३ मीटरमागे साधारण ८ मिमी वाढतो. म्हणून गरम लाइन इन्सुलेशनच्या नळीत घाला, मसाल्यात घट्ट चिणू नका.

मिक्सरसाठी गरम डावीकडे, थंड उजवीकडे, दोन तोंडांच्या मध्यांत १५० मिमी. पितळी एल्बोचं (काटकोनी जोडाचं) तोंड तयार टाइलच्या बरोबरीत यावं. प्लास्टर १२, चिकट मसाला ५ आणि टाइल ९ धरली तर ते विटेपासून २६ मिमी पुढे येतं. पण जुनी भिंत ओळंब्यात क्वचितच असते, म्हणून गवंड्याकडून आधी प्लास्टरच्या पातळीच्या खुणा करून घ्या आणि तिथून मोजा. तोंड आत राहिलं तर एक्स्टेन्शन जोडून निभावतं. बाहेर आलं तर मिक्सरची चकती भिंतीला टेकत नाही आणि फट आयुष्यभर दिसते.

शेवटच्या जोडानंतर २४ तास थांबून चाचणी घ्या. सगळी तोंडं प्लगने बंद करा, सर्वांत उंच ठिकाणाहून हवा काढा आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. हवेने चाचणी घेऊ नका, प्लास्टिकचा पाइप फुटून तुकडे उडतात. गवंडी झिरी बुजवत असतानाही लाइन दाबाखालीच ठेवा. कुणाची छिन्नी किंवा खिळा लागला तर पंपावरचा दाबाचा काटा तिथल्या तिथे पडतो. प्लास्टरआधी मोजण्याची टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा.

वायरचे पाइप पाण्याच्या झिरीत टाकू नका. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोन नकोत आणि वळणं लांब बेंडची हवीत, नाहीतर ओढताना तारेचं आवरण सोलवटतं. २० मिमीच्या पाइपमध्ये २.५ चौरस मिमीच्या सहाहून जास्त तारा कोंबू नका. तारा प्लास्टर वाळल्यावरच ओढा.

दिव्यांना १.५, साध्या सॉकेटना २.५ आणि गिझर-एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची तार घ्या. त्यांना अनुक्रमे १०, १६ आणि २० अँपिअरचे एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडून वीज तोडणारे स्विच) लावा. ३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो, म्हणजे हिशेबाला जागा राहते. एमसीबी तारेला वाचवतो, उपकरणाला नाही. सारखा पडतो म्हणून मोठा बसवला, तर पुढच्या वेळी भिंतीतली तार तापते.

बोर्ड जोडण्याआधी मेन बंद ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासा. वाचन १ मेगाओहमच्या खाली असेल तर कुठेतरी ओल किंवा सोललेली तार आहे. मीटरशी जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच, आणि त्यातून जाणाऱ्या सर्किटचा न्यूट्रल परत त्याच्याचकडे आणा. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एका पट्टीवर एकत्र झाले की दिवा लावताच आरसीसीबी पडतो. मग आरसीसीबीच खराब म्हणून काढून टाकला जातो, आणि चुकीची जोडणी तशीच राहते.