जुन्या गाडीच्या पार्ट्सचा गंज घरी काढताय? या चुका टाळा

संडास धुवायचं ॲसिड आणायचं आणि पार्ट त्यात बुडवून ठेवायचा, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पद्मिनी असो, अँबेसेडर असो की जुनी जीप, नवा हौशी माणूस पहिल्याच रविवारी हे करून बसतो. ॲसिड स्वस्त मिळतं आणि अर्ध्या तासात लोखंड राखाडी दिसायला लागतं, म्हणून मोह होतो. पण ते असतं हायड्रोक्लोरिक. गंज संपला म्हणून ते थांबत नाही, खालचं चांगलं लोखंडही खातं. त्याचं क्लोराइड बारीक खड्ड्यांत बसून राहतं आणि पुढे रंगाखालून गंजाचे फोड वर येतात. डबा उघडा राहिला तर नुसत्या वाफेनं शेजारच्या पान्यांवर आणि कानशींवर सकाळपर्यंत तांबूस थर चढलेला असतो.

खरा धोका स्प्रिंगांना. एका पद्मिनीच्या मागच्या ब्रेक शूच्या (चाकाच्या ड्रमला आतून दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगा अशाच रात्रभर ॲसिडमध्ये पडून होत्या. बसवताना अगदी नव्यासारख्या दिसत होत्या. काही दिवसांनी त्यातली एक तुटली आणि शू ड्रमला घासत राहिला. मालकाला वाटलं, हँडब्रेक अडकलाय. त्यानं तशीच गाडी हाकली. ड्रम इतका तापला की व्हील सिलिंडरची रबरं गेली, ब्रेक ऑइल गळलं आणि शूवरचे नवे लायनर भिजले. झालं असं, की ॲसिडची लोखंडावर क्रिया होताना हायड्रोजन सुटतो. त्यातला थोडा कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. बाहेरून काहीच कळत नाही, ताण पडल्यावर तासांनी किंवा दिवसांनी तुकडा पडतो. कारखान्यात असे पार्ट 200 अंशांच्या आसपास काही तास भाजून हायड्रोजन घालवतात, पण घरच्या ओव्हनमध्ये तो उद्योग नको. स्प्रिंगा आणि डोक्यावर 10.9 किंवा 12.9 लिहिलेले बोल्ट ॲसिडमध्येही टाकू नका, इलेक्ट्रोलिसिसलाही (सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरनं वीज सोडून गंज काढायची पद्धत) लावू नका. तारेचा ब्रश मारा. ब्रेकच्या स्प्रिंगा असतील तर सरळ नव्या घ्या.

मग वापरायचं काय? किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, मग 40 ग्रॅम धुण्याचा सोडा चमच्याचमच्यानं घाला. एकदम ओतलात तर फसफसून बादलीबाहेर येईल. सोड्यानं ॲसिडची धार कमी होते आणि चांगलं लोखंड बरंच वाचतं. वर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. दर दोन-तीन तासांनी पार्ट बाहेर काढून ब्रशनं घासायचा, परत टाकायचा. आठवडाभर विसरून जायचा नाही. आणि त्याआधी ग्रीस काढा. ग्रीसखाली कुठलंच ॲसिड पोचत नाही, मग लोक म्हणतात फॉर्म्युला खोटा. रॉकेल किंवा डिझेलनं धुवा, नंतर गरम पाणी आणि डिटर्जंट.

इलेक्ट्रोलिसिस उत्तम पद्धत, पण तिथेही लोक डोकं लढवतात. गंजत नाही म्हणून पॉझिटिव्हला स्टीलचं ताट लावतात. स्टेनलेस अजिबात नको. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, त्याची विषारी संयुगं होतात, आणि ते पिवळट पाणी शेवटी कुंडीत नाहीतर गटारात जातं. साधी लोखंडी सळई लावा. मीठही घालू नका, क्लोरीन सुटतो. चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा पुरतो. चार्जर 12 व्होल्टचा, निगेटिव्ह पार्टला. उलटं जोडलंत तर पार्टच विरघळायला लागेल. पॉझिटिव्हचा चिमटा पाण्याच्या वर ठेवा. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. बॅटरी जोडल्याशिवाय चालू न होणारे नवे ऑटोमॅटिक चार्जर यात कामाचे नाहीत.

आता दुसरी लाडकी चूक: गंज निघाला की काम झालं समजून जेवायला जाणं. तासाभरानं आलात की पार्ट परत नारिंगी! नुकतंच उघडं पडलेलं लोखंड ओल्या हवेत काही मिनिटांत गंज धरतं, आणि जुलैतल्या कोकणात तर विचारूच नका. बाहेर काढायच्या आधीच पुढची तयारी हवी. आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पार्ट बुडवा, लगेच वरून उकळतं पाणी ओता. पार्ट तापला की उरलेलं पाणी स्वतःच उडून जातं. खाचाखोचांत हेअर ड्रायर फिरवा. रंग द्यायचा नसेल तर गरम असतानाच ऑइल चोळा. रंग द्यायचा असेल तर ऑइल नको; गार होऊ द्या, थिनरनं पुसा आणि तासाभरात प्रायमर. पाऊस सुरू असेल तर हे काम काढूच नका.

रेड ऑक्साइडचा एक हात मारून गाडी पावसाळाभर तशीच ठेवणारेही बरेच. तो प्रायमर आहे, ओल शोषतो. वर रंग हवाच. चासीला दोन डबे एकत्र कालवून वापरायचा इपॉक्सी प्रायमर घ्या. महाग आहे, पण टिकतो.

ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावलात की गंज चकाकतो, निघत नाही. खड्ड्यांत तसाच राहतो. तारा उडतात, गॉगल घाला.

कार्बोरेटरची बॉडी आणि कुठलंही ॲल्युमिनियम ॲसिड, लिंबूसत्व, इलेक्ट्रोलिसिस यांपैकी कशातही टाकू नका. क्रोमच्या बंपरला पाणी लावून स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा घासा, पुरे.

गंज धरू नये म्हणून जळकं (इंजिनातून काढलेलं) ऑइल फासलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही. रबरी बुश फुगतात ते वेगळंच.

पेट्रोलच्या टाकीला ग्राइंडर, वेल्डिंग, चूल, काहीही दाखवू नका. रिकामी टाकी वाफेनं भरलेली असते. डिटर्जंटच्या गरम पाण्यानं वास जाईपर्यंत धुवा, मग लिंबूसत्वाचं पाणी आणि मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका आणि मोजून काढा, आतल्या आडव्या पत्र्यामागे एखादा हमखास अडकतो.