गावातल्या घरासाठी ड्युअल बँड राउटर निवडताना

दुकानात जाण्याआधी घरात फायबरची तार जिथे येते, तो डबा नीट बघा. हा ओएनटी. केबलवाला त्यालाच राउटर म्हणतो आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, कारण आजकालच्या बहुतेक ओएनटीत वायफाय आतच असतो. बघायचं एवढंच की तो एका बँडचा, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्याचा आहे, की २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन. मोबाइल डब्यापासून चार-पाच फुटांवर धरून वायफायची यादी उघडा. एकच नाव दोनदा दिसलं आणि त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’ लागलेलं असलं, तर डबा ड्युअल बँड आहे. (सिमच्या फाइव्ह-जीशी याचा काही संबंध नाही, हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा.) एकच नाव दिसलं तर खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून बघा. काही डबे दोन्ही पट्टे एकाच नावाखाली चालवतात.

डबा ड्युअल बँड असेल आणि घर तीन-चार खोल्यांचं असेल, तर नवा राउटर घेऊच नका. खोट बहुतेक वेळा जागेत असते. जोडणीवाला दारात, मीटरच्या शेजारी डबा ठोकून मोकळा होतो, कारण तार तिथपर्यंतच पुरते. तार आत ओढून डबा घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर घेतला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ओढताना ती दाराच्या फटीत चेपू नका आणि खिळ्यावरून काटकोनात वळवू नका. तसं झालं तर ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो आणि मग पुढे कितीही महागाचा राउटर लावा, नेट येत नाही.

आता राउटर घ्यायचाच आहे, तर आधी घर कशाचं आहे ते बघा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग भरपूर, पण भिंत आली की तो दमतो. दीड-दोन फूट जाडीच्या जुन्या मातीच्या भिंतीमागे ५ गिगाहर्ट्झ जवळपास संपतोच. विटांच्या एका भिंतीतून चालतो, दोन भिंतींत रडतो. टिनाचा पत्रा सगळ्यात वाईट. त्यातून लहर जातच नाही, परत फिरते. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत आत सिग्नल फुल्ल आणि लागूनच्या छपरीत एक कांडी, हा प्रकार होतो. धान्याची लोखंडी कोठी, स्टीलचं कपाट आणि उन्हाळ्यातला कूलर यांच्या मागे राउटर ठेवू नका. कूलरला तर पत्राही आहे आणि पाणीही, दोन्ही लहरींच्या मुळावर. हिवाळ्यात सगळीकडे चालणारं नेट मार्चनंतर एकाच खोलीत मंद झालं, तर आधी खिडकीत बसवलेल्या कूलरकडे बघा.

गावात एक फायदा मात्र आहे. शहरात एका माळ्यावर वीस-पंचवीस वायफाय एकमेकांवर आदळत असतात, तिथे २.४ चा पट्टा गुदमरतो. गावात यादीत दोन-चार नावं दिसतात, म्हणून इथे २.४ चांगलं काम करतो. टीव्ही आणि अभ्यासाचा लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असेल तर तो ५ वर, बाकी सगळं २.४ वर, असा हिशोब ठेवा.

डब्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस अशी कागदी गोळाबेरीज. एका मोबाइलला दोन्ही मिळून १२०० कधीच मिळत नाही, कारण तो एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. ‘एएक्स १५००’ म्हणजे वायफाय ६ (‘एसी’नंतरची पिढी), ३०० अधिक १२०१. घरातले मोबाइल वायफाय ६ चे नसतील तर त्याचा विशेष फायदा नाही. पण राउटर पाच-सहा वर्षं चालतो आणि मोबाइल त्याआधी बदलतात, म्हणून फरक थोडा असेल तर वायफाय ६ घेऊन टाका. अँटेना चार आहेत की सहा, यावर पल्ला ठरत नाही. वायफायची ताकद नियमाने बांधलेली असते.

खरी मेख असते मागच्या लॅनच्या भोकात. बऱ्याच स्वस्त एसी १२०० राउटरमध्ये वॅन (नेट आत येण्याचं) आणि लॅन (तारेने उपकरणं जोडण्याचं) दोन्ही पोर्ट १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे असतात. मग प्लॅन २०० एमबीपीएसचा घेतला तरी हातात पंच्याण्णवच्या वर काही येत नाही, आणि दोष जातो कंपनीला. खोक्यावर ‘गिगाबिट’ किंवा १०/१००/१००० लिहिलेलं हवं. प्लॅन ३०, ५० किंवा १०० चा असेल आणि पुढे वाढवायचा नसेल, तर १०/१०० चाही चालतो, उगाच पैसे घालू नका.

घरातली कोणती उपकरणं ५ धरतात तेही पडताळा. स्वस्त मोबाइल, वायफायवाले सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि बरेच प्रिंटर फक्त २.४ वर चालतात. म्हणून राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं देता आली पाहिजेत. ‘स्मार्ट कनेक्ट’ चालू असलं की नाव एकच राहतं आणि नवा कॅमेरा जोडताना बहुतेक वेळा तिथेच अडतं. तो पर्याय बंद करा. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर मात्र सिमवर चालतो, त्याला राउटर लागत नाही.

विजेचा विचार राउटरइतकाच महत्त्वाचा. लाइन गेली की नेट गेलं, मग तो राउटर कितीही भारी असो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण आधी दोन्ही अ‍ॅडाप्टरवरचे आकडे वाचा. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्ट, प्रत्येकी १ अँपिअर असतील, तर २ अँपिअरचा यूपीएस आणि दोन टोकांची वायर लागते. एखादा ९ व्होल्टचा निघाला तर त्याला १२ देऊ नका, जळेल. बॅटरीचा हिशोब असा: ७८०० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणलं की साधारण २९ वॅट-तास. गळती वजा जाता २४ उरतात. दोन्ही डबे मिळून १४ वॅट ओढत असतील तर बॅकअप पावणेदोन तासांचा. खोक्यावर लिहिलेले ‘आठ तास’ एका लहान डब्यासाठी असतात. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात आणि पहिला बळी अ‍ॅडाप्टरचा जातो.

दुसरी गोष्ट ऊन. बऱ्याच राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश ही मर्यादा लिहिलेली असते. मे अखेरच्या नवतप्यात अकोला, चंद्रपूरकडे बाहेरचाच पारा बऱ्याचदा ४५ च्या आसपास असतो, टिनाखाली तर विचारू नका. दुपारी दोन ते पाच नेट सारखं तुटतं आणि रात्री आपोआप ठीक होतं, तर राउटर तापतो आहे असं समजा. त्याला छपराजवळून खाली आणा, आतल्या मातीच्या भिंतीवर भोकं मोकळी राहतील असा टांगा, वर रुमाल किंवा प्लास्टिक टाकू नका. कापूस घरात भरून ठेवला असेल तर त्या खोलीत अ‍ॅडाप्टर आणि यूपीएस नकोच, एक ठिणगी पुरते.

गोठ्यापर्यंत किंवा वाड्याच्या मागच्या खोलीत नेट हवं असेल, तर ‘लांब पल्ल्याचा’ राउटर शोधत बसू नका. कॅट ६ ची तार ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा, म्हणजे तो तारेतून आलेलं नेट फक्त वायफायने पसरवतो. तार १०० मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तार घेऊ नका, वाकली की तुटते आणि दमटपणात टोकं खराब होतात. अंगणातून जाणारी तार पाइपातून न्या, ऊन आणि उंदीर दोन्ही टळतात. रिपीटर, म्हणजे वायफाय हवेतूनच उचलून पुढे देणारा डबा, हा शेवटचा पर्याय, एकाच पट्ट्यावर घेतो आणि देतो म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

नवा राउटर ओएनटीला जोडताना केबलवाल्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: पीपीपीओई (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएन नंबर (कंपनीच्या जोडणीचा क्रमांक). हे लॉगिन ओएनटीच करत असेल तर नव्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंटच ठेवा. नाहीतर दोन्ही १९२.१६८.१.१ पत्ता धरून बसतात आणि नेट अडतं. २.४ चा चॅनल (पट्ट्यातला ठरावीक भाग) १, ६ किंवा ११ ठेवा, ५ चा ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला. ५२ ते १४४ मध्ये रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते आणि वायफाय मिनिटभर गायब होतो. सुरक्षेला डब्ल्यूपीए २ किंवा ३ लावा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून जोडायची सोय) बंद, आणि सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

मृगापासून वीज कडाडू लागली की प्लग काढा आणि गोठ्याकडून येणारी तांब्याची लॅनही उपसा. फक्त प्लग काढून भागत नाही, कारण झटका त्या तारेतूनही येतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण बाहेरच्या फायबरला आधाराची पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच तोडून थांबवायला सांगा. आणि दिवे सगळे विझले म्हणून राउटर लगेच फेकू नका. आधी दुसरा अ‍ॅडाप्टर लावून बघा. व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन त्याच मापाची.