गजालीच्या बैठकीची संस्था करताना

खळ्यात चटया अंथरून आणि चहाचे आधण चुलीवर ठेवून सुरू झालेली गजालीची, म्हणजे मालवणी मुलखातल्या गप्पा-गोष्टींची, बैठक चार-पाच वर्षे टिकली, की मंडळींपैकी कोणीतरी एका रात्री म्हणतेच, "आता ह्या रजिस्टर करूक व्हया." त्यामागची कारणे बहुधा खरी असतात. शाळेला मानधनाची पावती हवी असते, मुंबईच्या चाकरमान्याला वर्गणी कोणाच्या खात्यावर पाठवावी हे कळत नसते, आणि ज्याच्या खात्यात आजवर सगळे पैसे जमा होत आले त्याला घरच्यांची बोलणी खावी लागतात. तरीही खर्च चहा, चटया आणि रिक्षाभाडे एवढाच असेल तर नोंदणीच्या वाटेला जाऊ नये. वाडीच्या मंडळाच्या वहीत एक पान मागून घ्यावे. पैसा, वस्तू किंवा कोणाचे वेतन एकाच माणसाच्या भरवशावर ठेवणे अवघड होऊ लागले, की मग संस्थेचा विचार करावा. पुढच्या सर्व सूचनांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: गजाल सांगणाऱ्यांची बैठक कागदपत्रे करणाऱ्यांच्या हातात जाऊ नये.

महाराष्ट्रात अशा गटापुढे साधारणतः तीन वाटा असतात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जणांना मिळून संस्था नोंदवता येते, आणि तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडेच असतात. केवळ विश्वस्तनामा करून न्यास (ट्रस्ट) स्थापता येतो, किंवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. न्यासात कारभार मोजक्या विश्वस्तांच्या हाती राहतो आणि कंपनीची वार्षिक विवरणपत्रे लहान गटाला झेपत नाहीत. म्हणून सभासदांना मत देणारी पहिली वाट गजालीच्या गटाला सोयीची, असे माझे मत आहे.

पहिले सात जण कोण, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक आणि गटाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. आमच्या गटात ज्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे जमत होते आणि ज्यांची आधार-पॅन कागदपत्रे बिनचूक होती त्यांची नावे घातली गेली, आणि यादी पूर्ण झाल्यावर लक्षात आले की त्यांतला एकही जण बैठकीत गजाल सांगत नाही. जिच्यासाठी अर्धी वाडी जमायची त्या ऐंशीच्या घरातल्या आजींना अध्यक्ष कोण झाले हे छापील निमंत्रणपत्रिकेवरून समजले. दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. तिसऱ्या वेळी आल्या, पण नेहमीच्या खांबाजवळ न बसता पडवीच्या टोकाला बसून सुपारी कातरत राहिल्या. गजाल सांगायचा आग्रह झाला तेव्हा म्हणाल्या, "माका कोणी इचारूक नाय." आम्हाला ती चूक पुढच्या निवडणुकीपर्यंत निस्तरता आली नाही. म्हणून कार्यकारी मंडळात किमान तीन जागा गजाल सांगणाऱ्यांच्या, असे कलम संस्थेच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच, घालावे. इतिवृत्त प्रमाण मराठीत लिहिले तरी सह्या घेण्यापूर्वी ते गावच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे. अक्षरओळख नसलेला सभासद मग केवळ अंगठ्यापुरता उरत नाही.

घटनेतील उद्देश फार अरुंद लिहू नयेत. 'मालवणी गोष्टींचे कार्यक्रम करणे' एवढेच लिहिले तर उद्या ध्वनिमुद्रण, पुस्तिका किंवा शाळेतील वर्ग यांसाठी पैसे खर्च करताना अडचण येते. गणपूर्ती (कोरम), पदांची मुदत आणि संस्था विसर्जित झाल्यास मालमत्ता कोणाकडे जाईल, ही कलमे दुसऱ्या संस्थेच्या घटनेतून जशीच्या तशी उतरवू नयेत. कोकणात निम्मे सभासद मुंबई, ठाणे किंवा पुण्यात असतात, त्यामुळे गणपूर्ती मोठी ठेवल्यास सभाच भरत नाही.

नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हे खास आपल्याकडचे दुखणे आहे. अर्जासोबत जागामालकाचे ना हरकत पत्र आणि घराचा पुरावा द्यावा लागतो; आणि असेसमेंटचा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढला की त्यावर कित्येकदा वारलेल्या आजोबांचे नाव निघते, किंवा चार चुलत घराण्यांची नावे एकत्र असतात आणि त्यांतले दोन वारस बोरिवलीला असतात. एवढ्या सह्या गोळा करण्यात वर्ष जाते. अशा वेळी कोणीतरी सुचवते, की संस्था मुंबईतल्या पत्त्यावर नोंदवून टाकू. हे सोपे असले तरी करू नये, कारण पत्ता जाईल तिकडे पत्रव्यवहार, तपासणी आणि हळूहळू सभाही जातात. गावच्या मंडळाची एक शाखा गावात आणि एक मुंबईत ही जुनी पद्धत आहे, आणि खरा कारभार कोणाचा यावरून होणारे वादही तितकेच जुने आहेत. ज्याच्या एकट्याच्या नावावर घर आहे असा गावातला सभासद शोधावा, मग तो शिक्षक असो वा किराणा दुकानदार.

वर्षाचे वेळापत्रक गावाच्या कामाला बांधावे. किनाऱ्यावरच्या गावांत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात माणसे घरी जाळी विणत असतात आणि बैठकीला येतात. त्याच दिवसांत दोन कोसांवरच्या शेतीच्या गावात लावणी सुरू असते आणि तिथे रात्री आठनंतर कोणी जागे सापडत नाही. कार्तिकातल्या जत्रांपासून पाऊस लागेपर्यंत दशावताराचा हंगाम, मध्ये शिमगा. एका देणगीदाराने आमच्याकडे महिन्याला दोन कार्यक्रम आणि प्रत्येकी पन्नास श्रोत्यांच्या सह्या मागितल्या होत्या. जुलैत आम्ही सह्यांचा कागद बांधावर नेला, चिखलाच्या हातांनी लोकांनी सह्या केल्या आणि गजाल मात्र झाली नाही. त्या अहवालाची मला आजही लाज वाटते. करारात महिन्यांऐवजी वर्षातल्या बैठकांची संख्या लिहून घ्यावी. वार्षिक सभा गणपतीत घ्यावी, तीही दीड दिवसांचे गणपती विसर्जित झाल्यावर आणि गौरी येण्याआधीच्या दुपारी. रात्री भजनापुढे हिशेब कोणी ऐकत नाही.

पैशाबाबत आधी बैठकीचा मूळ खर्च काढावा. महिन्याला दोन बैठका आणि प्रत्येकीला १,२०० रुपये धरले तर वर्षाला २८,८०० रुपये होतात. एवढी रक्कम सभासदांच्या वर्गणीतून आणि गावातल्या देणग्यांतूनच उभी राहिली पाहिजे. प्रकल्पाचा निधी त्यात मिसळू नये. प्रकल्प संपला तरी चहा आणि दिवा चालू राहतो, तो याच रकमेवर. रोकड वही, पावती पुस्तक, सभासद नोंदवही आणि सतरंज्या-माइकसाठी जडसंग्रह नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. देणगीदाराला करसवलत मिळावी, म्हणजे ८०जी या नावाने ओळखली जाणारी सोय हवी असेल, तर आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगावे. आखातात किंवा अन्यत्र असलेल्या मंडळींच्या पैशाविषयी विशेष जपावे: भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी, २०१० च्या परकीय योगदान अधिनियमाखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. मायेपोटी आलेला पैसा परत पाठवणे कठीण असते, म्हणून आधीच विचारावे.

गजाल कोणाची, हा प्रश्न संस्था झाल्यावर अधिक टोकदार होतो, कारण आता तिच्यावर संस्थेचे नाव छापले जाते. गावदेवतेपुढचे गाऱ्हाणे, म्हणजे गावासाठी देवाला घातलेले साकडे, हा मानकऱ्यांचा अधिकार आहे. त्यांना न विचारता ते रंगमंचावर 'सादर' करू नये. पिंगुळी गावची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, ठाकर समाजातील घराण्यांनी पिढ्यानपिढ्या पोथ्यांसह जपली आहे, आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा कलेचे फोटो काढून आपल्या पुस्तिकेत वापरण्यापेक्षा त्या कलावंतांना मानधन देऊन बोलवावे. भुताच्या गजालींचे दुखणे निराळे असते. अमक्याच्या विहिरीवरचा गिऱ्हा, म्हणजे पाण्यातले भूत, वाडीत सगळ्यांना ठाऊक असतो आणि विहिरीचा मालकही हसत ऐकतो; तीच गजाल यूट्यूबवर गेली, की त्याच्या मुलीच्या सासरी ती पोहोचते.

म्हणून संमती तीन पातळ्यांवर घ्यावी: फक्त बैठकीपुरती, गाव व शाळांपुरती, आणि सर्वांसाठी खुली. पातळी कोणती ते सांगणाऱ्याने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला म्हणावे, आणि ती बदलण्याची मुभा त्याला राहावी. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचे हक्क देतो. संस्थेने सरसकट ते आपल्या नावे लिहून घेऊ नयेत. लिप्यंतर करताना बोली सुधारू नये. 'माका' चे 'मला' केले, की सांगणाऱ्याला आपलीच गजाल परकी वाटते.

ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवाव्यात, त्यांतली एक खाडीच्या वरच्या अंगाला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या घरांचे पत्रे उडाले आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले. कपाटातली एकमेव हार्ड डिस्क दोन्ही वेळी वाचली नसती. पावसाळ्यात उपकरणे सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, नाहीतर श्रावणापर्यंत लेन्सवर बुरशी चढते.

पदाधिकारी बदलले, कोणी राजीनामा दिला किंवा वारले, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. हे काम शोकाच्या किंवा भांडणाच्या दिवसांत विसरले जाते आणि पुढे खात्यावरच्या सह्या अडकतात. जुन्या चिटणिसाकडून शिक्का, पावती पुस्तके आणि वह्या यादी करून ताब्यात घ्याव्यात. बँकेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर बदलल्याशिवाय त्याला निरोपाचा नारळ देऊ नये.