नाशिकमधलं बंद घर विकताना: आधी वास घालवा, मग भाव ठरवा

मुलं पुण्या-मुंबईकडे आणि इंदिरानगर किंवा सिडकोतलं आई-वडिलांचं घर कुलूपबंद, असं नाशिकमध्ये बऱ्याच कुटुंबांचं झालंय. घर विकायचं ठरलं की लगेच एजंटला फोन जातो. थोडं थांबा.

आधी कागद गोळा करा: खरेदीखत, सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या. घर वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद आणि भावंडांची संमतीही. बयाणा घेतल्यावर बहिणीची सही मागायला जाणं व्यवहारालाही वाईट आणि नात्यालाही.

मग घराकडे वळा. वापर नसला की बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या भागातलं, पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास थेट वर येतो. गिऱ्हाईक दारातच नाक मुरडतं. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये पाणी ओता; गढूळ पाणी निघून जाईपर्यंत नळ सोडून ठेवा. दर आठवड्याला कुणाकडून तरी हे करून घ्या, खिडक्याही उघडायला सांगा. वीज तोडू नका, नोकरदार मंडळी घर बघायला संध्याकाळीच येतात.

ओलीवर मात्र नुसता रंग फासू नका. जाणकार माणूस भिंतीला हात लावून बघतोच, आणि लपवाछपवी दिसली की त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडतो. गच्चीचं किंवा वरच्या बाथरूमचं लिकेज काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग फिकट रंग द्या. नवं किचन, नव्या टाइल्स यांत पैसे घालू नका. घेणारा ते आपल्या आवडीने करतो.

भाव ठरवताना जाहिरातींवर विसंबू नका, त्यात मालकाने मागितलेला आकडा असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या परिसरातले अलीकडचे व्यवहार शोधा. सूची २ मध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ वेगवेगळे दिलेले असतात. बाजारभाव म्हणजे तिथे सरकारी मूल्य; तुम्हाला हवा तो मोबदला, म्हणजे व्यवहारात ठरलेली किंमत. क्षेत्र कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं) आहे की बिल्टअप (भिंती धरून), तेही तपासा. समजा, शेजारच्या इमारतींत कार्पेटला चौरस फुटामागे ६,५०० रुपये मिळाले आणि तुमचा फ्लॅट ६०.४ चौरस मीटर, म्हणजे ६५० चौरस फूट आहे. हिशेब ४२.२५ लाखांचा होतो. त्यातून दुरुस्तीचा, लिफ्ट नसल्याचा फरक वजा करा आणि घासाघिशीपुरतं थोडंसंच वर सांगा. २०२७ च्या सिंहस्थाच्या भरवशावर भाव फुगवणं मला पटत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट कुंभामुळे बदलत नाही, आणि घर पडून राहिलं तरी मेंटेनन्स, घरपट्टी चालूच राहते.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूल्याचा, आकडाही काढून ठेवा. किंमत त्यापेक्षा फारच कमी असेल, तर भांडवली नफ्यावरचा कर सरकारी मूल्य धरून लागू शकतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच सरकारसाठी कापायचा कर, कापतो. टोकन बँकेतूनच घ्या. २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर त्या रकमेइतकाच दंड बसू शकतो.