वरचा प्लॅन घ्यायचा का? सीआरएम सांभाळायला नुकतेच लागलेल्यांसाठी

जून २०२४ मधली संध्याकाळ. दादांनी केबिनमधून हाक मारली (आमच्या फर्मच्या मालकांना सगळे दादाच म्हणतात), "अगं, तो सीआरएमवाला परत फोन करतोय. वरचा प्लॅन घेऊन टाकू का?"

मला कोऑर्डिनेटर म्हणून लागून तेव्हा एक वर्ष झालं होतं. मी "घेऊया" म्हणाले. त्या एका शब्दाचे फर्मला वर्षाला १ लाख ६२ हजार रुपये जास्त लागले, वर जीएसटी. हे लिहिते आहे कारण आमच्यासारख्या फर्ममध्ये सीआरएम (ग्राहकांच्या चौकशा आणि फॉलोअप नोंदवायचं सॉफ्टवेअर) ज्याच्या हातात असतं, त्यालाच हा प्रश्न विचारला जातो. बहुतेक वेळा तो माणूस बीकॉम किंवा बीबीए होऊन नुकताच लागलेला असतो, आणि "वरचा प्लॅन" म्हणजे नेमकं काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आम्ही नाशिकमध्ये घरांच्या छपरावर सोलर बसवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती सिस्टीमला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झालं आणि आमचे फोन थांबेनात. आधी महिन्याला साठ-सत्तर एन्क्वायऱ्या यायच्या, त्या दोनशेच्या पुढे गेल्या. फॉलोअप राहू लागले. एकाच ग्राहकाला दोन सेल्सवाल्यांचे दोन वेगळे भाव गेले. सीआरएम कमी पडतंय असं सगळ्यांनाच वाटायला लागलं आणि डेमोमध्ये दाखवलेली वरच्या प्लॅनमधली एक सोय सगळ्यांच्या मनात भरली: कोणता ग्राहक घेणार आणि कोणता नुसता चौकशी करतोय, हे सॉफ्टवेअर स्वतः गुण देऊन सांगणार.

आम्ही नऊ युजर होतो. जुना प्लॅन माणशी महिना ७५० रुपयांचा, नवा २,२५० चा. फरक दीड हजारांचा, पण तो नऊ जणांचा आणि बारा महिन्यांचा. इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दर कायम "माणशी, दरमहा" असा सांगतात, म्हणून तो लहान वाटतो. शिवाय बऱ्याच सीआरएममध्ये एका खात्यातले सगळे युजर एकाच पातळीवर असावे लागतात. सोय हवी असते दोघांना, पैसे भरावे लागतात नऊ जणांचे. त्यामुळे कोटेशन आलं की आधी गुणाकार करून वर्षाचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. १८ टक्के जीएसटी वेगळा मांडा. फर्म नियमित जीएसटीत असेल तर तो इनपुट क्रेडिटमध्ये परत येतो (आपल्याला भरायच्या जीएसटीतून वजा होतो), कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीच्या सोप्या पद्धतीत) असेल तर येत नाही. तुमची फर्म कशात आहे ते अकाउंट्सवाल्यांना विचारा.

गुण देण्याच्या त्या सोयीचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. आमच्या निम्म्या लीडमध्ये (चौकशी करणाऱ्यांच्या नोंदींमध्ये) फक्त नाव आणि मोबाइल नंबर होता. सोलरच्या धंद्यात गिऱ्हाईक खरं आहे का, ते चार गोष्टींवरून कळतं: महिन्याला किती युनिट वापर, मंजूर भार (वीज कंपनीने जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट) किती, छप्पर स्वतःचं आहे का आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे. यातलं काहीच आम्ही नोंदवत नव्हतो. मग यंत्र गुण देणार कशावरून? डब्यात तांदूळच नसेल तर कुकर कितीही भारी असो, भात होत नाही. सहा महिन्यांनी ते पान कोणी उघडतसुद्धा नव्हतं. पैसे वर्षाचे भरलेले होते, त्यामुळे मध्येच खाली येऊन उपयोग नव्हता.

जून २०२५ मध्ये रिन्यूअलच्या वेळी आम्ही परत जुन्या प्लॅनवर आलो. हे करण्याआधी सगळा डेटा एक्सपोर्ट करून ठेवा. वरच्या प्लॅनमध्ये जास्तीचे रकाने बनवता येतात. खाली आल्यावर ते मर्यादेत बसत नसतील तर आतली माहिती दिसेनाशी होऊ शकते. मी आदल्या रात्री बसून सगळं एक्सेलमध्ये उतरवलं होतं, म्हणून वाचलो.

त्याच सुमारास आमचा एक सेल्सवाला नोकरी सोडून गेला आणि त्याच्याबरोबर ग्राहकांची यादीही गेली. दादा हादरले. "सगळ्यात वरचा प्लॅन घे, पण हे बंद कर," म्हणाले. या वेळी मी "घेऊया" म्हटलं नाही. दोन दिवस मागून घेतले आणि आमच्याच प्लॅनची सेटिंग्ज एक एक करून उघडली. यादी डाउनलोड करण्याची परवानगी प्रत्येकाच्या भूमिकेनुसार बंद करता येत होती. तीही सगळ्यात स्वस्त पातळीत. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना ॲडमिन करून ठेवलं होतं, एवढंच कारण. वीस मिनिटांचं काम होतं. तेव्हापासून कोणतीही नवी सोय मागितली गेली की मी आधी आपल्याच प्लॅनमध्ये शोधते. सेल्सच्या माणसाला न विचारता सपोर्टला लिहून विचारते, "हे आमच्या सध्याच्या प्लॅनमध्ये कुठपर्यंत होतं?" उत्तर लेखी असलं की पुढे वाद होत नाही.

मात्र वरच्या प्लॅनची खरी गरज कधी पडते, ते मला त्यानंतर कळलं.

आमची सगळ्यात मोठी गळती कोटेशनमध्ये होती. १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं. म्हणजे महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्याला अडीच-तीन किलोवॅट पुरतात. पण बिल न बघता सेल्सवाला "साहेब, पाचचा बसवा" म्हणून कोटेशन पाठवायचा. ग्राहक शेजाऱ्याशी बोलायचा, फसवतायत असं त्याला वाटायचं आणि काम जायचं. दुसरा प्रकार याहून त्रासाचा. बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, अर्ज सुनेच्या नावाने. ते नाव बदलेपर्यंत काम अडून राहायचं. बिलाचा फोटो आधी मागितला असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

मी बिलाच्या युनिटचा रकाना सक्तीचा केला. एवढं जुन्या प्लॅनमध्ये होत होतं. आठवड्याभरात रकान्यात १, १०, १११ असे आकडे दिसायला लागले. माणसं वाईट नव्हती, त्यांना घाई होती. रकाना भरला की पुढे जाता येतं, मग काहीतरी भरायचं. आम्हाला हवा होता तो असा नियम: बिलाचा फोटो चढवल्याशिवाय लीड "कोटेशन" या टप्प्यावर जाणारच नाही, आणि कोटेशन बाहेर पडण्याआधी एकाची मंजुरी लागेल. ही सोय मधल्या प्लॅनमध्ये होती. दर १,३५० रुपये, म्हणजे आमच्यासाठी महिन्याला ५,४०० रुपये जास्त.

मागच्या वेळेसारखं लगेच घेतलं नाही. सहा आठवडे ती सोय आम्ही हाताने चालवली. भिंतीवरच्या बोर्डवर नियम लिहिला: बिलाचा फोटो नाही, कोटेशन नाही. रोज संध्याकाळी मी बसून त्या दिवसाची सगळी कोटेशनं तपासायचे, फोटो नसेल तर थांबवायचे. जेमतेम चाळीस मिनिटं लागायची. माझ्या मते वरचा प्लॅन घेण्याआधी करायची सगळ्यात कामाची परीक्षा हीच आहे. हाताने चालत नसेल तर नियमातच खोट आहे, आणि खोट असलेला नियम सॉफ्टवेअरमध्ये घातला तर तो फक्त जास्त वेगाने त्रास देतो. आमचा पहिला नियम पंधरा दिवसांत बदलावा लागला. हाउसिंग सोसायट्यांची बिलं वेगळी येतात, त्यांना हा नियम लागू होत नव्हता. हे आधी कळलं, बरं झालं.

मग हिशेब केला. रोज चाळीस मिनिटं, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे जवळपास सतरा तास. माझ्या पगारातून ताशी १४० रुपये धरले तर वाचणार होते साधारण २,३०० रुपये, आणि खर्च ५,४०० चा. नुसत्या वेळाच्या हिशेबात प्लॅन परवडत नव्हता. दादांना मी तसंच सांगितलं. पण वहीत दुसरी एक नोंदही होती. त्या सहा आठवड्यांत अकरा चुकीची कोटेशनं मी थांबवली होती. त्यातल्या तीन ग्राहकांनी नंतर काम दिलं. घरगुती ३ किलोवॅटच्या कामात आमच्या हाती पंधरा हजारांच्या आसपास राहतात. महिन्याचा तुटवडा ३,१०० चा. म्हणजे या सोयीमुळे चार महिन्यांत एक काम जरी वाचलं, तरी ती स्वतःचे पैसे काढते. वाचलेली तीनही कामं निव्वळ तपासणीमुळे आली असं मी म्हणणार नाही. तीनातलं एक धरलं तरी उत्तर बदलत नव्हतं. आम्ही मधला प्लॅन घेतला, तोही सुरुवातीचे तीन महिने दरमहा पैसे भरून. वर्षाच्या मानाने ते थोडं महाग पडतं, पण तेवढ्यात सोडायची वेळ आली असती तर सोडता आलं असतं.

मोफत चाचणीचे दिवस बहुतेक कंपन्या देतात. ते मार्चअखेरीला किंवा दिवाळीच्या आठवड्यात सुरू करू नका, कोणालाच बघायला वेळ नसतो. खोट्या लीड घालूनही करू नका. खरी कामं, खरी माणसं, आणि सगळ्यात कुरकुर करणारा सेल्सवाला आत असलाच पाहिजे. तो जिथे अडतो, तिथे उद्या सगळे अडणार आहेत.

दराच्या पानावर न दिसणाऱ्या दोन खर्चांबद्दल लिहिते, कारण दोन्ही आम्हाला उशिरा कळले. प्लॅनमध्ये "व्हॉट्सॲप जोडणी" असं लिहिलेलं असलं तरी मेसेजचे पैसे मेटाच्या (व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीच्या) दराने वेगळे लागतात. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) फर्मची आणि मजकुराची नोंदणी करावी लागते, ते काम प्लॅन बदलून टळत नाही.

प्लॅनची नावंही गोंधळात टाकतात. सीआरएम विकणाऱ्या दोन कंपन्यांचंच बघा. झोहोमध्ये स्टँडर्ड, प्रोफेशनल, एंटरप्राइज, अल्टिमेट अशा पायऱ्या आहेत, आणि तीन जणांपर्यंत मोफत पायरी आहे. हबस्पॉटच्या मार्केटिंगच्या भागात युजरबरोबर संपर्कांच्या संख्येवरही बिल वाढतं. म्हणून तिथे जुने, मेलेले संपर्क साफ करणं हाच पहिला उपाय ठरू शकतो. "प्रोफेशनल" हा शब्द दोन कंपन्यांत दिसला म्हणून दोन्हींत एकच गोष्ट मिळेल असं समजू नका. नावाकडे न बघता आपल्याला हवी असलेली एक सोय कोणत्या पायरीवर आहे, तेवढं शोधा. आणि ती एकच असू द्या. हव्या असलेल्या सोयींची यादी दहाची झाली असेल तर आपल्याला नेमकं कुठे दुखतंय ते अजून सापडलेलं नाही, असा माझा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात सीआरएमवाल्यांचा पुन्हा फोन आला. ग्राहकाला स्वतः लॉगिन करून अनुदान कुठवर आलं ते बघता येईल अशी सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. गरज खरी आहे, रोज दहा-बारा फोन त्याचेच असतात. सध्या मी दर शुक्रवारी नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि अनुदानाच्या टप्प्यावरच्या प्रत्येक ग्राहकाला हाताने एक मेसेज पाठवते आणि त्या आठवड्यात किती फोन आले ते वहीत लिहिते. तीन शुक्रवार झाले आहेत. आणखी तीन झाले की वही घेऊन दादांच्या केबिनमध्ये जाईन.