निर्यात करारातील लवाद कलम : लिहिताना, वाद उद्भवल्यावर आणि निवाडा हाती आल्यावर

परदेशी खरेदीदाराशी करार करताना दर, दर्जा, पॅकिंग, जहाजभाडे आणि पैसे चुकते करण्याची मुदत यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस चालते. वाद झाल्यास तो कोठे आणि कसा सोडवायचा, हे सांगणारे कलम मात्र मागच्या एखाद्या करारातून उचलून शेवटच्या पानावर चिकटवले जाते. ते कलम नीट वाचण्याची वेळ येते तेव्हा दोन्ही पक्षांचे बोलणे तुटलेले असते आणि दुरुस्तीला कोणी तयार होत नाही. पुढील विवेचन महाराष्ट्रातील लहान-मध्यम निर्यातदार आणि त्यांचे करार तपासणारे सल्लागार यांच्यासाठी आहे. उदाहरणादाखल, चाकण येथील एक कारखाना जर्मनीतील खरेदीदाराला यंत्रांचे ओतीव भाग पुरवतो, असे धरून चालू.

सुरुवात वसुलीपासून करावी

वाद कोठे चालवणे सोयीचे पडेल, हा पहिला प्रश्न नव्हे. आपण जिंकलो तर पैसे कोणाच्या कोणत्या मालमत्तेतून वसूल होतील, हे आधी विचारावे. आपल्या उदाहरणात खरेदीदाराची बँक खाती, गोदामे आणि येणी सगळी जर्मनीत आहेत. पुण्याच्या न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळवला, तरी तो तेथे बजावण्यासाठी जर्मन न्यायालयाची वेगळी मान्यता मिळवावी लागेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ नुसार भारताने परस्पर अंमलबजावणीसाठी ज्या देशांना मान्यता दिली आहे, त्या यादीत ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती आहेत. जर्मनी, अमेरिका आणि चीन त्यात नाहीत.

लवादाच्या निवाड्याचे तसे नाही. १९५८च्या न्यूयॉर्क करारात १७०हून अधिक देश सामील आहेत आणि एका देशातील निवाडा दुसऱ्या देशात बजावण्याची सोय त्यामुळे झाली आहे. भारताने या कराराला १९६० मध्ये अनुमोदन दिले. एक मेख मात्र लक्षात ठेवावी. परदेशातील निवाडा भारतात बजावायचा असेल तर तो देश करारात असून भागत नाही, केंद्र सरकारने त्याचे नाव राजपत्रात अधिसूचित केलेले असावे लागते, आणि असे देश पन्नासच्या आसपासच आहेत. त्यामुळे भारतीय कंपनीकडून माल घेणाऱ्या परदेशी पक्षाला, किंवा दोन भारतीय कंपन्या परदेशात लवाद ठेवणार असतील तर त्यांना, ही यादी आधी तपासावी लागते. सिंगापूर, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि हाँगकाँग त्या यादीत आहेत.

सीट : एका शब्दावर वर्षे जातात

ज्याला वकील 'सीट' म्हणतात, ते लवादाचे कायदेशीर घर होय. सुनावणी ज्या हॉटेलच्या सभागृहात किंवा व्हिडिओवर होते ती जागा म्हणजे व्हेन्यू. लवादावर देखरेख कोणत्या न्यायालयाची राहील आणि निवाडा रद्द करून घेण्यासाठी कोठे जावे लागेल, हे सीट ठरवते. भारताच्या १९९६च्या लवाद व समेट कायद्याचा (पुढे येणारी कलम ९, ३४ आणि ४८ याच कायद्याची) भाग पहिला हा भारताबाहेर सीट असलेल्या लवादाला लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये बाल्को प्रकरणात दिला, आणि तेव्हापासून या एका शब्दाला करारातील सर्वांत महाग शब्दाचे मोल आले.

एनरकॉन प्रकरण या दृष्टीने प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. करारात व्हेन्यू लंडन असे लिहिले होते आणि लवादाला भारतीय कायदा लागू केला होता. परिणामी लवाद धड सुरू होण्याआधीच दमण, मुंबई आणि लंडन अशा तीन ठिकाणी न्यायालयीन लढाया झाल्या. भरीस भर म्हणजे तीन लवाद (येथे लवाद म्हणजे वाद ऐकून निवाडा देणारी व्यक्ती) कसे नेमायचे हे सांगणाऱ्या कलमात एक ओळच गळली होती : दोन्ही पक्षांनी नेमलेले दोघे मिळून तिसऱ्याला नेमतील, हे लिहायचे राहून गेले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ओळ तेथे होती असे समजून कलम वाचवले आणि सीट भारतात असल्याचे ठरवले. पुढे २०१९ मध्ये बीजीएस सोमा प्रकरणात, विरुद्ध संकेत नसेल तर व्हेन्यू हीच सीट मानावी अशी कसोटी आली. मार्च २०२० मधील मंकास्तू प्रकरणात हाँगकाँग ही सीट ठरली. निकाल वाढले तशी स्पष्टता वाढली हे खरे, पण आपला करार पुढच्या निकालाचे नाव होऊ नये, एवढी काळजी घेणारे एक वाक्य लिहिणे त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

कोणती सीट निवडावी, याबद्दल माझे मत असे की खरेदीदार मान्य करत असेल तर मुंबई मागावी, आणि तो अडून बसला तर सिंगापूरवर समेट करावा. मुंबईचा निवाडाही जर्मनीत न्यूयॉर्क करारानुसारच बजावला जाईल, आणि आपल्या वकिलाला विमानात बसावे लागणार नाही. मात्र निवाड्याला कलम ३४ खाली आव्हान दिले गेले तर ते रेंगाळू शकते, हे गृहीत धरावे. केवळ आव्हान दिल्याने निवाड्याला आपोआप मिळणारी स्थगिती २०१५च्या दुरुस्तीने काढून टाकली, ही त्यातल्या त्यात मोठी सुधारणा. लंडन निवडायचे असेल तर इंग्लंडचा २०२५चा नवा लवाद कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला आहे, हे ध्यानात घ्यावे. लवाद कलमाला कोणता कायदा लागू हे पक्षांनी स्पष्ट लिहिले नसेल तर सीटचाच कायदा लागू होईल, असे त्याने ठरवून टाकले आहे. मूळ करार भारतीय कायद्याखाली आणि लवाद सिंगापूरला, अशी मिश्र रचना असेल तर लवाद कलमाचा कायदा वेगळ्या वाक्यात लिहावाच.

संस्था आणि तिचे नाव

लवादाचे नियम आणि व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेविना चालणारा लवाद कागदावर स्वस्त दिसतो, पण समोरचा पक्ष लवाद नेमण्यास टाळाटाळ करू लागला की सगळी बचत अर्ज-विनंत्यांत जाते. आंतरराष्ट्रीय वादात, सीट भारतात असेल तर, अशा नेमणुकीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून संस्था नेमावी, आणि तिचे नाव तिच्या संकेतस्थळावरील नमुना कलमातून अक्षरशः उतरवून घ्यावे. दुबईने सप्टेंबर २०२१ मध्ये एका फर्मानाने डीआयएफसी-एलसीआयए ही संस्था मोडीत काढून तिचे काम दुबई इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरकडे दिले. जुन्या करारांत मात्र ते नाव तसेच राहिले आणि त्या कलमांचे काय, यावर निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांत वाद झाले. आखातात माल पाठवणाऱ्यांनी आपले जुने करार या एका कारणासाठी तरी उघडून पाहावेत.

लहान रकमांसाठी अलीकडे झालेला बदल आपल्या कामाचा आहे. सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरच्या १ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमांत १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वादांसाठी एकच लवाद आणि त्याची नेमणूक झाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा, अशी सुटसुटीत पद्धत आली आहे. १ कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत सहा महिन्यांची जलद पद्धत मागता येते. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सकडे, २०२१ पासून झालेल्या करारांसाठी जलद पद्धतीची मर्यादा ३० लाख अमेरिकी डॉलर आहे. चाकणच्या कारखान्याचे येणे दोन-तीन कोटी रुपयांचे असेल आणि कलमात 'तीन लवाद' असे लिहिलेले असेल, तर तिघांच्या फीमध्येच दाव्याचा जीव जाईल. अशा करारात 'एक लवाद' असे लिहावे. मुंबईत २०१६ पासून मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन काम करते, त्याचा पर्यायही खरेदीदारापुढे ठेवावा.

शेतमालाचे जग वेगळे आहे. कापूस, सोयापेंड, तेलबिया यांचे करार बहुधा व्यापारी संघटनांच्या छापील नमुन्यांवर होतात आणि त्या नमुन्यातच लवाद दडलेला असतो : कापसासाठी लिव्हरपूलची इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन, धान्य व पशुखाद्यासाठी लंडनची गाफ्टा, तेलबियांसाठी फॉसफा. तेथे दर्जाच्या तक्रारीच्या मुदती फार तोकड्या असतात, आणि निवाडा न पाळणाऱ्या कापूस व्यापाऱ्याचे नाव यादीत गेले की पुढचा धंदा अवघड होतो. विदर्भ-खान्देशातील व्यापाऱ्याने केवळ ईमेलवर 'नेहमीच्या अटींवर' असे कळवले, तरी तो या नियमांत अडकू शकतो. सरकारी निर्यातबंदी आल्यास काय, हेही करारात लिहावे. नाफेड विरुद्ध अलिमेंटा या भुईमुगाच्या प्रकरणात १९८०च्या करारावरील फॉसफाचा निवाडा बजावण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये नकार दिला, कारण सरकारी परवानगीशिवाय तो माल निर्यातच करता आला नसता. चाळीस वर्षे! या निकालावर टीकाही पुष्कळ झाली, आणि त्यावर भिस्त ठेवून कोणी करार करू नये.

लवाद कोणी नेमावा

'विक्रेत्याचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील' या धर्तीची वाक्ये अजूनही दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सरकारी करारांतील एकतर्फी नेमणुका समानतेच्या तत्त्वाला धरून नाहीत, असे ठरवले. असे वाक्य आपल्याला फायद्याचे वाटत असले तरी ते निवाड्याला सुरुंग लावते. नेमणुकीच्या वेळी माणसाच्या मोठ्या नावापेक्षा त्याच्या हाती किती प्रकरणे आहेत, हे पाहावे. भारतातील मालवाहू रेल्वे मार्गिकेच्या एका करारावरील निवाड्यात ४५१ पैकी किमान २१२ परिच्छेद तशाच दुसऱ्या प्रकरणांतील निवाड्यांमधून उचललेले आढळले, आणि सिंगापूरच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो रद्दबातल ठेवला. जिंकलेल्या पक्षाचा खर्च आणि वेळ त्याबरोबर वाया गेला.

सगळे मिळून कलम फार लांब होत नाही. मूळ इंग्रजीत लिहिले जाणारे कलम मराठीत साधारण असे वाचता येईल : 'या करारातून किंवा त्याच्या संबंधाने उद्भवणारा कोणताही वाद, कराराच्या अस्तित्वाच्या व वैधतेच्या प्रश्नांसह, अमुक संस्थेच्या त्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार लवादाद्वारे अंतिमतः निकाली काढला जाईल. लवादाची सीट मुंबई, भारत ही राहील. लवाद एकच असेल. लवादाची भाषा इंग्रजी राहील. हा करार तसेच हे लवाद कलम यांना भारतीय कायदा लागू राहील.' यात संस्था, सीट किंवा लवादांची संख्या मोघम ठेवणारे 'किंवा', 'शक्यतो', 'पक्षांच्या सोयीनुसार' हे शब्द घुसडू देऊ नयेत.

वाद उद्भवल्यावर

खरेदीदाराने माल सदोष असल्याचे कळवून पैसे अडवले की पहिल्याच दिवशी पत्रव्यवहार, तपासणी अहवाल, जहाजपावत्या आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणे एका जागी सुरक्षित करावीत. कर्मचारी फोन बदलतात आणि पुरावा त्याबरोबर जातो. निर्यात पतविमा घेतलेला असेल तर विमा कंपनीला मुदतीत कळवावे, अन्यथा लवाद जिंकूनही विम्याचा हक्क गमावण्याची वेळ येते. सीट भारतात असेल तर लवादाची नोटीस समोरच्याला मिळाली त्या दिवसापासून लवाद सुरू झाला असे कायदा मानतो, म्हणून तीन वर्षांची मुदत संपत आली असताना 'चर्चा चालू आहे' या भरवशावर राहू नये. चर्चा किंवा मध्यस्थता अवश्य करावी, मात्र तिला दिवसांची मर्यादा घालावी. भारताने मध्यस्थतेतील समझोत्यांविषयीच्या सिंगापूर करारावर ७ ऑगस्ट २०१९ रोजी सही केली, पण अनुमोदन न दिल्याने त्याच्या जोरावर अंमलबजावणी मागता येत नाही. म्हणून लवाद सुरू करून समझोता झाल्यास तो संमतीच्या निवाड्यात बांधून घ्यावा.

समोरचा पक्ष मालमत्ता हलवू लागला असेल तर घाई करावी. अॅमेझॉन विरुद्ध फ्युचर प्रकरणात ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीच्या लवादाचा (मुख्य लवाद नेमला जाण्याआधी तातडीच्या आदेशासाठी नेमलेल्या व्यक्तीचा) आदेश भारतात बजावता येतो असे म्हटले, पण त्या लवादाची सीट भारतात होती. परदेशी सीटच्या बाबतीत भारतातील मालमत्तेसाठी कलम ९ खाली उच्च न्यायालयात स्वतंत्र अर्ज करण्याचा मार्ग धरावा. २०१५ पासून ती सोय परदेशी लवादालाही आहे, फक्त करारात ती वगळलेली नसावी.

निवाडा हाती आल्यावर

चाकणच्या कारखान्याला निवाडा मिळाला की त्याची प्रमाणित प्रत, लवाद कलम असलेला मूळ करार आणि जर्मन वकील मागेल ते भाषांतर घेऊन तेथील उच्च प्रादेशिक न्यायालयात अर्ज करावा लागतो. उलट, परदेशी पक्षाने महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील कंपनीविरुद्ध निवाडा मिळवला असेल तर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, मुंबई उच्च न्यायालयात येते. तेथे गुणदोषांवर पुन्हा वाद घालण्याचा मोह आवरावा. अंमलबजावणी नाकारण्याची कलम ४८ मधील कारणे अगदी मोजकी आहेत, आणि फेब्रुवारी २०२० मधील विजय कारिया प्रकरणात अशा ताणलेल्या आव्हानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपयांचा खर्च बसवला. परदेशी निवाड्यावर भारतातील मुद्रांक शुल्क भरलेले नाही, हा आक्षेपही २०१८ मध्ये फेटाळला गेला आहे. दरखास्तीची मुदत तीन वर्षांची आहे, हे वेदांत प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये ठरले. निवाड्याची तारीख त्याच दिवशी कंपनीच्या कॅलेंडरवर नोंदवावी आणि मूळ कागद वकिलाकडे न ठेवता आपल्या तिजोरीत ठेवून त्याला प्रती द्याव्यात.